सरकारची उधारी, पोरांच्या नावावर

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शिष्यवृत्तीची थकबाकी, महाविद्यालयांचं अनुदान आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचं कर्ज.

महोदय,



नोकरीभर मी आपल्या खात्याला पत्रं लिहिली. 'उपरोक्त विषयान्वये' अशी ती सुरू व्हायची आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' अशी संपायची. जावक क्रमांक पडायचा. उत्तर यायचंच असं काही नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी कार्यालय अधीक्षक होतो. आता निवृत्त आहे, त्यामुळे प्राचार्यांच्या सहीसाठी थांबण्याचं कारण उरलेलं नाही. हे पत्र थेट आपल्याला, आणि सगळ्यांसमक्ष.

सरकारनं उच्च शिक्षणावरचा खर्च कमी केल्याचं उघडपणे जाहीर केलं असतं, तर मोर्चे निघाले असते, अधिवेशनात गोंधळ झाला असता. तसं कोणी केलं नाही. उलट योजना वाढल्या, सवलतीची टक्केवारी पन्नासावरून शंभरावर गेली, फ्लेक्स लागले. पैसे मात्र उशिरा येऊ लागले. सरकारनं द्यायचा पैसा उशिरा आला की मधल्या काळात तो कोणाला तरी उसना आणावा लागतो. आपल्याकडे तो विद्यार्थी आणतो, त्याचं व्याजही तोच भरतो. उधारी सरकारची, पण ती लिहिली जाते पोराच्या नावावर. मला जी गाऱ्हाणी मांडायची आहेत ती सगळी याच एका गोष्टीची आहेत.

जूनअखेरीला आमच्या कार्यालयाच्या खिडकीवर काय चालतं ते आपण कधी येऊन पाहा. बीएस्सी झालेला मुलगा टीसी मागायला येतो. त्याला एमएस्सीला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळालेला असतो, आणि तिथे कागदपत्रं जमा करायला दोन-तीन दिवस असतात. कारकून त्याचं खातं उघडतो. शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती आलेली नाही, काही वेळा त्याच्या आदल्या वर्षाचा दुसरा हप्ताही नाही. 'नो ड्यूज'वर सही होत नाही. मुलगा म्हणतो, "सर, पैसे तर सरकार देणार आहे ना?" कारकून म्हणतो, "देणार आहे. तोवर तू भर, आले की परत घे." हे संभाषण दोन्ही बाजूंनी खरं आहे आणि दोघंही हतबल आहेत. मग मुलगा बाहेर जाऊन कोणाला तरी फोन लावतो. संध्याकाळी मामा नाहीतर चुलता येतो, पाचशेच्या नोटा मोजतो, पावती घेतो. त्या नोटा कुठून आल्या हे विचारायची रीत नाही. पण गाव लहान असतं, कळतंच. बचत गटाच्या कर्जातून, पतसंस्थेतून, सोनं तारण ठेवून. या कर्जाची नोंद आपल्या कुठल्याही आकडेवारीत होत नाही, कारण कागदोपत्री हा मुलगा 'लाभार्थी' असतो.

आरक्षित प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांकडून शिष्यवृत्तीत मिळणारी फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे आदेश आहेत. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये अधिसूचना काढून सांगितलं आहे. दोन्ही आदेश आमच्या फायलीत होते. पण विनाअनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार फीमधूनच होतो. फी सरकारकडून यायची, ती आलेली नसते, आणि पहिली तारीख तर दर महिन्याला येते. संस्थाचालकांची वकिली करायला मी हे पत्र लिहीत नाही. त्यांच्यातही नग आहेत. बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटणारे होते, चौकशा झाल्या, आणि ऑनलाइन पद्धत आली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. पण सरकारनं पैसे न देता 'विद्यार्थ्याकडून घेऊ नका' असा नुसता आदेश काढणं म्हणजे स्वतःची जबाबदारी परिपत्रकावर ढकलणं होय.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या पोर्टलबद्दल थोडं सांगतो. पोर्टल असावं याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या पद्धतीत समाजकल्याणच्या कार्यालयात गठ्ठे घेऊन जायचो, तो काळ काही सोन्याचा नव्हता. पण आता अर्ज भरल्यापासून पैसे जमा होईपर्यंत तो कुठे अडेल याचा नेम नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. नवीन दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि तलाठी पंचनाम्यात गुंतलेला असतो. जातपडताळणीचा कागद धूसर दिसतो म्हणून अर्ज 'रिव्हर्ट' होतो. तो रिव्हर्ट झाल्याचं मुलाला महिन्यानं कळतं, कारण अर्ज भरताना नेट कॅफेवाल्यानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. एका मुलीची शिष्यवृत्ती 'जमा' दिसत होती आणि बँकेतल्या पासबुकात एक रुपया नव्हता. आम्ही सगळे मिळून शोधत बसलो. शेवटी कळलं की भावानं मोबाइलचं सिम घेताना तिचं आधार वापरलं होतं आणि त्यावरच पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं होतं, आणि आधारला शेवटचं जोडलेलं खातं तेच असल्यामुळे पैसे तिकडे गेले होते. पैसे मिळाले, पण तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत उलटली होती. विलंब शुल्कही तिलाच पडलं.

यात २०२१-२२ पासून आणखी एक भर पडली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असा नवा आकृतिबंध आला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो, आणि त्यातली फी त्यानं सात दिवसांत महाविद्यालयाला द्यायची असते. दिल्लीत बसून हे फार नीटस वाटत असणार. ज्या घरात वर्षात दोनदाच रोकड येते, त्या घरातल्या पोराच्या खात्यात फेब्रुवारीत तीस-चाळीस हजार रुपये अचानक जमा होतात. त्याच आठवड्यात बापाची देणी तुंबलेली असतात. पैसे खर्च होतात, आणि महाविद्यालयाच्या वहीत पोरगा थकबाकीदार होतो. दोष त्या घराचा आहे असं मला वाटत नाही. योजना आखणाऱ्यांनी त्या घराचं वेळापत्रक पाहिलेलंच नाही.

महोदय, आपण साखरेच्या राज्यातले मंत्री आहात, म्हणून एक विचारतो. ऊस कारखान्यावर गेला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दराची रक्कम, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कारखानदार तो किती पाळतात ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण नियम आहे म्हणून शेतकरी आयुक्तालयावर जाऊन बसू शकतो, साखर जप्तीची मागणी करू शकतो. शिष्यवृत्तीला असा नियम का नसावा? अर्ज मंजूर झाल्यापासून ठरावीक दिवसांत फी महाविद्यालयाच्या आणि निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या खात्यात, नाहीतर विलंबाचं व्याज सरकारनं द्यायचं, असा एक कलमी कायदा करा. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आपल्याकडे आहेच. शिष्यवृत्तीची छाननी आणि वितरण त्याच्या मुदतीत बांधून घ्या, म्हणजे उशिराबद्दल कोणाला तरी जाब विचारता येईल. एवढी एक मागणी मान्य झाली तरी या पत्रातलं निम्मं गाऱ्हाणं संपेल.

मुलींसाठीच्या निर्णयाचं मनापासून स्वागत करतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आमच्या भागात बारावीनंतर मुलगी पुढे शिकणार की स्थळ बघणार, हे ज्या घरात फीच्या आकड्यावर ठरत होतं, तिथे या निर्णयानं फरक पडला. पण 'मुलींचं शिक्षण मोफत' एवढंच ऐकून बाप मुलीला घेऊन येतो, आणि त्याला खिडकीवर समजावून सांगावं लागतं : केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश असेल तरच, व्यवस्थापन कोट्यात असेल तर नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठात असेल तरीही नाही. वसतिगृह, खानावळ, बस, प्रकल्पाचा खर्च, हे सगळं बाहेर. शिवाय जी फी माफ झाली ती सरकार संस्थेला केव्हा देणार, हा प्रश्न उरतोच. आधी पन्नास टक्के सवलतीची थकबाकी होती तिथे आता शंभर टक्क्यांची होते. मोठं औदार्य दाखवायचं असेल तर तिजोरीत त्याची तरतूद आधी करावी, एवढंच म्हणणं आहे.

या राज्याला फीमाफी नवी नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या आधीच, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना ईबीसी सवलत मिळाली. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक, ओव्हरसियर त्या सवलतीवर घडले. त्याच्याही आधी साताऱ्यात कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका'चा धडा घालून दिला होता. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयामुळे महाराष्ट्रातली पोरं कर्नाटकात कॅपिटेशन फी भरायला जायची थांबली, हेही खरं. पण तिथून रूळ बदलला. २००१ नंतर 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. कायम, म्हणजे सरकार कधीच काही देणार नाही, हे मंजुरीच्या कागदावरच लिहून दिलेलं.

आता आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयात काय दिसतं ते पाहा. इमारत एक, प्राचार्य एक. भौतिकशास्त्र, मराठी, इतिहास अनुदानित. संगणकशास्त्र, बीसीए, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान विनाअनुदानित. म्हणजे ज्या विषयाच्या आधारावर पोराला शहरात नोकरी मिळेल असं घरच्यांना वाटतं, त्याची फी जास्त. अनुदानित विषयांतही प्राध्यापक निवृत्त झाला की जागा रिकामीच राहते, आणि तिथे तासिका तत्त्वावर नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला तरुण येतो. त्याला तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, सुट्टीचे शून्य. वर्गात तो 'आर्थिक साक्षरते'वर व्याख्यान देतो, आणि स्टाफ रूममध्ये येऊन बँकेच्या वसुली अधिकाऱ्याचा फोन घेतो. मी हे पाहिलं आहे. विद्यार्थी कर्जबाजारी असतात हे आपण ऐकलं असेल. शिकवणाराही असतो, हे आपल्या टिपणीत कोणी लिहिलेलं नसेल.

वेतनेतर अनुदानाबद्दल काय लिहू? प्रयोगशाळेतली रसायनं, वीजबिल, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, ग्रंथालयाची नियतकालिकं यासाठी सरकारकडून जे मिळतं त्यात हे भागत नाही. मग 'इतर शुल्क' वाढतं, आणि ते शिष्यवृत्तीत बसत नाही.

केंद्राचीही चाल हीच आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २०१७ मध्ये कॅनरा बँकेबरोबर भागीदारी करून हेफा नावाची वित्तसंस्था उभी केली गेली. केंद्रीय संस्थांना इमारती आणि उपकरणांसाठी पूर्वी अनुदान मिळायचं, आता हेफातून कर्ज मिळतं. व्याज सरकार भरतं, पण मुद्दलाची परतफेड कमी-जास्त प्रमाणात संस्थेच्या 'अंतर्गत उत्पन्ना'तून करायची असते. अंतर्गत उत्पन्न म्हटलं की त्यात विद्यार्थ्यांची फी आलीच. राज्य विद्यापीठांसाठी पीएम-उषा ही केंद्राची योजना आहे, पण त्यातला पैसा प्रकल्पाला मिळतो, रोजच्या गरजेला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, हे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तेच सहा टक्के पुन्हा लिहिले. मधल्या चोपन्न वर्षांत एकाही सरकारनं ते गाठले नाहीत.

आता बँकेच्या कर्जाबद्दल. सरकारी उत्तर ठरलेलं असतं : पैसे कमी पडले तर शैक्षणिक कर्ज आहे की! जरूर आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजना आहे. पण शाखेत गेल्यावर आधी बापाचं सिबिल, म्हणजे पतगुणांक, पाहतात. बापाचं पीककर्ज एक हंगाम थकलेलं असतं, कारण त्या हंगामात अतिवृष्टी झालेली असते. 'सिबिलमध्ये बसत नाही' म्हणून फाइल परत. सिबिल कमी आहे एवढ्या कारणावरून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं. आमच्या गावच्या शाखेपर्यंत ते पोचलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, तीत तारणही नाही आणि जामीनही नाही. पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरती, मंजुरीच्या वेळी देशातल्या ८६०. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज आहे तो त्या यादीतल्या संस्थांत पोचतच नाही, तो तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या महाविद्यालयात असतो.

कर्ज मिळालं तर काय होतं त्याचा साधा हिशेब मांडतो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दर वर्षी एक लाख उचलले, व्याज दहा टक्के सरळ धरलं. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. पाचव्या वर्षाच्या शेवटी चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये हप्ता. चाकणला किंवा वाळूजला प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेल्या आमच्या पोरांच्या हातात पंधरा हजार येतात. खोलीचं भाडं, डबा, गाडीचं पेट्रोल यातून सात हजार कसे काढायचे, हे कोणत्या अर्थशास्त्रज्ञानं सांगावं? साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना त्या मधल्या काळाचं व्याज केंद्र भरतं. मात्र संस्था किंवा अभ्यासक्रम मूल्यांकनप्राप्त हवा, आणि अर्ज बँकेनं वेळेत पुढे पाठवायला हवा. ही योजना माहीत असलेला पालक मला क्वचितच भेटला.

बँका दिल्लीच्या अखत्यारीत, आम्ही काय करणार, असं आपण म्हणाल. पण राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री बसतात, पीककर्जाच्या उद्दिष्टावरून बँकांना सुनावतात. त्याच बैठकीत तालुकानिहाय शैक्षणिक कर्जाचा तक्ता मागवा. किती अर्ज आले, किती फेटाळले, कोणत्या कारणानं. एवढ्या एका रकान्यानं शाखा व्यवस्थापकाची भाषा बदलेल. व्याज परताव्याचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरून घ्या, म्हणजे पालकाला माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच राहणार नाही.

आणि परतफेड कमाईशी जोडा. ऑस्ट्रेलियानं १९८९ मध्ये अशी पद्धत आणली : शिकताना फी भरायची नाही, नंतर उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच करासोबत थोडं थोडं फेडायचं, नोकरी गेली तर हप्ता थांबतो. २०२५ मध्ये त्यांच्या संसदेनं अशा कर्जांत सरसकट २० टक्के कपात केली. मात्र एक धोका आहे. इंग्लंडनंही कमाईशी जोडलेली कर्जं दिली, आणि त्याच आधारावर २०१२ मध्ये फीची मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांवर नेली. कर्ज फेडणं सोपं झालं म्हणून फी वाढवायला मोकळीक, असा अर्थ आपल्या वित्त विभागानं काढू नये. आधी फी नियंत्रणात, मग कर्जाची सोय, हा क्रम उलटा होता कामा नये.

रिक्त प्राध्यापकपदं, वेतनेतर अनुदान, विनाअनुदानित तुकड्या यांना पैसे लागतात, ते एका अर्थसंकल्पात होणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी आपण वेळ घ्या. पण एक काम बिनखर्चाचं आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एक श्वेतपत्रिका मांडा : कोणत्या योजनेचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या महाविद्यालयाला किती रुपये शासनाकडून येणं आहे. गेल्या पाच वर्षांचं, जिल्हावार. माहिती महाडीबीटीवर आहेच, ती काढायला समिती नेमावी लागणार नाही. ती यादी प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावायचे आदेश द्या, म्हणजे टीसीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या मुलाला निदान एवढं दाखवता येईल की थकबाकीदार तो नाही.



आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक

प्रत माहितीस्तव : मा. वित्त मंत्री, महाराष्ट्र राज्य. राज्यातील सर्व विद्यार्थी व पालक.